तिजोरीतली नानकटाई

बेल्याच्या आठवडी बाजारात चंपाबाई शिरल्या की भाजीवाले आपापल्या ढिगातली किडकी वांगी हळूच तळाशी सारत. त्याचा उपयोग नसे, कारण चंपाबाई ढीग तळापासूनच उपसायला घेत. त्या भांडत नसत, आवाजही चढवत नसत. भाव विचारायचा, तो नीट ऐकून घ्यायचा आणि मग पिशवी दोन्ही हातांत धरून तिथंच उभं राहायचं, एवढीच त्यांची रीत. भाजीवाला एकदा वर बघे, पुन्हा एकदा बघे. मागं गिऱ्हाइकं खोळंबत. शेवटी तोच कंटाळून भाव उतरवी. वर चंपाबाई म्हणत, "मी तं काईच बोलली नाई बाप्पा," आणि ते खरंच असे.

नवरा मारोतराव जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. एकुलता एक मुलगा हर्षदीप बोथ या तालुक्याच्या गावी सरकारी कचेरीत कारकून. पेन्शन येत होती, पोरगा कमावता होता, घर स्वतःचं होतं. तरी चंपाबाईंचा हात सैल झाला नाही. लहानपणी त्या आईबरोबर दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला जात. बोंडात पांढरी तार राहिलेली दिसली की मुकादम अख्खी ओळ पुन्हा वेचायला लावायचा. तेव्हापासून कुठं काही शिल्लक राहिलेलं त्यांना बघवत नसे. तांदूळ त्या अलीकडचा घेत, तूरडाळ पेनगंगेपलीकडची, म्हणजे दुसऱ्या राज्यातली; जिथं जे स्वस्त ते. गल्लीतलं कोणी पलीकडं सोयऱ्याकडं निघालं की त्याच्या हातात चंपाबाईंची रिकामी पिशवी असायचीच.

एका बाबतीत मात्र त्या हात आखडत नसत. एप्रिलात भीमजयंतीची मिरवणूक आटोपली की वस्तीतली सगळी माणसं त्यांच्या घरी टेकत, आणि प्रत्येकाच्या हातावर साजूक तुपातली नानकटाई पडे. गावात लाकडाच्या भट्टीची एक जुनी बेकरी होती. आपला मैदा, आपलं तूप, आपली साखर घेऊन जायचं, मजुरी द्यायची आणि डबा भरून आणायचा. चंपाबाई शेवटचा घाणा बाहेर येईपर्यंत तुपाचा डबा पायाशी ठेवून भट्टीसमोर उभ्या राहत.

"बाई, भरोसा नहीं क्या?" बेकरीवाले चाचा विचारत.

"भरोसा हाय ना. म्हून तं इथं उबी हाय."

चाचा थकले. त्यांच्या मुलानं भट्टी पाडली, विजेचं मशीन आणलं आणि बाहेरचं पीठ भाजणं बंद केलं. "हमारा तयार माल लो ना बाई, सस्ता पड़ेगा," तो म्हणाला. चंपाबाईंनी एक नानकटाई विकत घेतली, तिथंच उभ्यानं खाल्ली आणि म्हणाल्या, "डालडा." मग घरी आल्या.

त्या वर्षी त्यांनी कुकरात वाळू घालून नानकटाई भाजली. झाली चांगली. पण एका वेळी ताटलीत मावत होत्या मोजक्याच, आणि वस्तीत माणसं होती पुष्कळ. डबा अर्धा भरायच्या आत सिलिंडर संपला. मारोतरावांनी सुचवलं की दुकानात विजेची भट्टी मिळते, ती आणू. चंपाबाई आदिलाबादला जाऊन ती पाहून आल्या. दुकानदाराला त्यांनी एकच विचारलं, हिचं बिल कोण भरते. आणि परतीची बस धरली.

पुढच्या वर्षी, संक्रांतीनंतर, मारोतरावांच्या चष्म्याचा नंबर तपासायला दोघं आदिलाबादला गेले. परतताना रस्त्याच्या कडेला एक भंगाराचं आवार लागलं. कुठलीशी जुनी कापसाची जिनिंग मिल बंद पडली होती, तिच्या ऑफिसातलं सामान तिथं येऊन पडलं होतं. मोडक्या खुर्च्या, पंखे, तराजूची पारडी, आणि त्यांच्या मधोमध एक तिजोरी. कमरेइतकी उंच, हिरवी, दार उघडं. चंपाबाई थांबल्या. आत दोन फळ्या होत्या, एकावर एक, लोखंडी. चंपाबाई त्या फळ्यांकडं बघत राहिल्या.

"काय पाहून राह्यली?" मारोतरावांनी विचारलं.

"दोन ताटं वर, दोन खाली," चंपाबाई म्हणाल्या.

भंगारवाल्यानं वजनाचा भाव सांगितला. चंपाबाईंनी तिजोरीच्या भिंतीवर बोटाची पेरं वाजवली. आवाज बद्द आला.

"ये भरी हुई है," त्या म्हणाल्या. "अंदर मिट्टी है. मिट्टी का पैसा लोहे के भाव से नहीं देती मैं."

"बाई, तिजोरी है ये!"

"तिजोरी है तो चाबी दो."

चावी नव्हती. कुलूप गॅसनं कापून काढलेलं होतं, तिथं नुसतं भोक होतं. चंपाबाई पिशवी दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या. मारोतराव एका मोडक्या खुर्चीवर बसून घेतात न घेतात तोच खुर्ची कलंडली. ते उठून उभे राहीपर्यंत तिजोरी एका नव्या मिक्सरच्या किमतीत चंपाबाईंची झाली होती.

गल्लीतला भारत त्या दिवशी कापूस विकायला ट्रॅक्टर घेऊन यार्डात आलेला होता. चंपाबाईंनी त्याला फोन लावला. "रिकामाच चालला ना तू? मंग रिकामं कायले नेतं?" भारतला नाही म्हणता आलं नाही. हमालांनी शिव्या घालत तिजोरी ट्रॉलीत चढवली. ती हलू नये म्हणून चंपाबाई तिच्यावर हात ठेवून शेजारी बसल्या, आणि अशी ही वरात भर दुपारी, सगळं गाव ओट्यावर बसलेलं असताना, बेल्याच्या मोठ्या रस्त्यानं घरी आली.

भारतनं चार माणसं जमवली. त्यांनी तिजोरी ओसरीपर्यंत आणली, दाराशेजारी टेकवली आणि याच्या पुढं एक वीतही नेणार नाही असं सांगितलं. परसात न्यायची होती, ती ओसरीतच राहिली.

शेजारच्या बयनाबाई लगबगीनं आल्या. "काय आणलं वं, चंपाबाई?"

"भट्टी."

बयनाबाई हसल्या. "सांगायचं नसन तं नोको सांगू बाई. पण आमाले काय दिसत नाई?"

चंपाबाईंनी पुन्हा सांगितलं की भट्टी आहे, नानकटाईची. बयनाबाईंनी डोळा बारीक केला, मान हलवली आणि घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं की गुरुजींच्या निवृत्तीचे सगळे पैसे घरातच दिसतात. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावात पोहोचली होती. दोन दिवसांत ती बोथला पोहोचली.

इकडं चंपाबाईंनी पहिला प्रयोग केला. तिजोरीभोवती विटा लावल्या, विटांमध्ये निखारे घातले, चारी बाजूंनी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या रचून पेटवल्या. पऱ्हाट्या भारतच्या शेतातल्या, म्हणजे फुकटच्या. आत दोन ताटं ठेवली आणि दार लावलं. जाळ चांगला कमरेपर्यंत गेला. ओसरीचं छत काळं झालं. मारोतराव पाण्याची बादली घेऊन उभे होते. बऱ्याच वेळानं चंपाबाईंनी पदरानं मूठ धरून दार उघडलं. नानकटाया ठेवल्या होत्या तशाच होत्या. पांढऱ्या, मऊ, गार. बोट लावलं तर खूण उमटली.

मारोतरावांनी चष्मा सावरला. दाराच्या आतल्या बाजूला पितळेची पट्टी होती, ती त्यांनी वाकून वाचली.

"काय लिहिलं हाय?" चंपाबाईंनी विचारलं.

"यात ठेवलेली वस्तू आगीत जळत नाही, असं लिहिलंय."

"हे तुमी मले तिथं काऊन नाई सांगतलं?"

"तिथं तू मातीचा भाव करून राह्यली होतीस," मारोतराव म्हणाले.

ती मातीच तिथं नडत होती. भिंतीत जे काही भरलं होतं ते विस्तव आत येऊ नये म्हणूनच भरलं होतं, आणि चंपाबाईंनी त्याचे पैसे कापून घेतले होते. दोन दिवस त्या तिजोरीशी बोलल्या नाहीत. म्हणजे ओसरीतून जाता-येता तिच्याकडं बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासता घासता त्यांचे हात थांबले. जी भिंत बाहेरचा विस्तव आत येऊ देत नाही, ती आतला तरी बाहेर कशाला जाऊ देईल?

त्यांनी निखारे आतच घातले. पऱ्हाट्या आत कोंबल्या, दार थोडं किलकिलं ठेवलं आणि पेटवून दिलं. पहिल्या दिवशी रंगाचा असा वास सुटला की बयनाबाईंनी नाकाला पदर लावून विचारलं, नोटा जाळून राह्यल्या का. दुसऱ्या दिवशी तिजोरीला घाम आला. भिंतीतल्या मातीत मुरलेलं पाणी सांध्यांमधून झिरपून ओसरीत ओघळ आले. तिसऱ्या दिवशी वास गेला, पाणी थांबलं. मग चंपाबाईंनी सगळे निखारे ओढून बाहेर काढले, राख पुसली, ताटं ठेवली आणि दार घट्ट लावलं. नानकटाया फुलल्या, वर बारीक भेगा पडल्या, कडा बदामी झाल्या. त्यानंतर त्याच उबेत त्यांनी शेंगदाणे भाजले, मग रवा भाजला, आणि संध्याकाळी ओलसर झालेली पोह्यांची पिशवी वाळवली. तरी ऊब उरलीच होती. ती वाया जातेय याचं त्यांना वाईट वाटलं.

याच दिवसांत हर्षदीपची सोयरीक ठरत होती. मुलगी बोथचीच, नाव वृषाली, तिथल्या खाजगी शाळेत शिकवत होती. दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं, बोलणं झालं होतं, होकार झाला होता. आता फक्त मुलीकडच्यांनी घर पाहायला यायचं होतं. मध्यस्थी मारोतरावांचा चुलतभाऊ अमर करत होता. अमर बोलका माणूस. दोन घरं जोडायची तर मधल्या जागेत थोडं काही भरावं लागतं, असं त्याचं मत होतं.

रविवारी चार वाजता पाहुणे यायचे होते. विकतची मिठाई आणायचा प्रश्नच नव्हता. चंपाबाईंनी दुपारी भट्टी पेटवली. पाहुणे येईपर्यंत नानकटाई निघेल, निवेल, ताटात रचली जाईल असा त्यांचा हिशोब होता. पण बोथहून येणारी जीप वाटेत कुठं थांबलीच नाही. ताटं आत जाऊन दार लागलं आणि चंपाबाई हात पुसून वळल्या तर अंगणात पाहुणे उभे.

"जय भीम!" अमर पुढं होऊन म्हणाला. "या, या, आपलंच घर हाय."

मुलीचे वडील दौलतराव. बोथच्याच दुसऱ्या एका सरकारी कचेरीत वरच्या टेबलावर बसणारे, कडक इस्त्रीचा शर्ट. त्यांच्यामागं त्यांची बायको मथुराबाई, आणि सगळ्यात मागं खुद्द वृषाली. मुलीनं यायची पद्धत नव्हती. पण राहायचं मलाच आहे तर बघते पण मीच, असं म्हणून ती जीपमध्ये येऊन बसली होती.

घरात उकडत होतं, म्हणून ओसरीतच खुर्च्या मांडल्या होत्या. दौलतरावांनी एकवार सगळीकडं नजर फिरवली. ती तिजोरीवर थांबली. मग ते मुद्दाम चार पावलं चालून तिजोरीशेजारच्या खुर्चीवर बसले आणि आपला कोपर त्यांनी तिच्या माथ्यावर टेकवला. वरून ती नुसती कोमट होती. ओसरीत तुपाचा वास दरवळत होता. तो सैपाकघरातून येतोय असंच सगळे समजले.

"चांगलं हाय घर," दौलतराव म्हणाले. "मजबूत हाय." आणि तिजोरीवर हलकेच थाप मारली.

"जुनं आहे," मारोतराव म्हणाले. ते घराबद्दल बोलत होते.

"जुनंच चांगलं असते गुरुजी. आताचे लोक सगळं फोनमदी ठेवतात. घरी ठेवाची हिंमत लागते. अमरनं मले तफसील देली सगळी. मी म्हनलं, आपल्या पोरीचं जे काय असन ते इथं बेफिकीर राहीन."

मारोतरावांना काही कळलं नाही. त्यांनी आपलं होकारार्थी मान हलवली. चंपाबाई पाण्याचे पेले घेऊन दारात आल्या होत्या, त्यांना मात्र कळलं. त्यांनी अमरकडं पाहिलं. अमरनं घाईघाईनं डोळा मिचकावला, म्हणजे गप्प राहा.

चंपाबाईंनी पाणी दिलं. हर्षदीप समोर मान खाली घालून बसला होता, कानाच्या पाळ्या लाल. पोरगी चुणचुणीत होती, चंपाबाईंना पाहताक्षणीच आवडली होती. दौलतराव आनंदात होते. थोडा वेळ गेला असता, चहा झाला असता, तारीख निघाली असती. आणि आत नानकटाई होती. चंपाबाईंना वासावरून कळत होतं. आधी कच्च्या तुपाचा वास होता, मग भाजक्या पिठाचा आला, आता साखर रंग धरत होती. याच्यापुढं एकच वास उरला होता.

"तारखेचं म्हनान तं," दौलतरावांनी सुरुवात केली, "मे महिन्यात..."

"काई जळून राह्यलं का?" वृषालीनं विचारलं.

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. अमर म्हणाला, "नाई, नाई. बाहेर कोणं कचरा पेटवला असन."

चंपाबाई एक क्षण तिथंच उभ्या राहिल्या. घरच्या दुधाचं तूप होतं. दोन महिने साय साठवली होती. त्या पुढं झाल्या.

"भाऊ, जरा हात काढा," त्या दौलतरावांना म्हणाल्या.

दौलतरावांनी कोपर उचलला. चंपाबाईंनी पदर मुठीत धरून तिजोरीचं दार उघडलं. आतून गरम हवेचा झोत दौलतरावांच्या इस्त्रीच्या शर्टावर आला. चंपाबाईंनी वरचं ताट बाहेर काढलं, मग दुसरं, मग खालची दोन. मागची एक ओळ करपली होती, बाकीच्या बदामी होत्या. ताटं त्यांनी स्टुलावर ठेवली.

"घ्या," त्या म्हणाल्या. "गरम हायेत."

अमर अंगणातल्या एका शेळीकडं फार लक्ष देऊन बघायला लागला.

"हे..." दौलतराव म्हणाले. "ही तिजोरी..."

"भट्टी हाय. भंगारातून आणली. कुलूप बी नाई लागत तिले, हे पाहा." चंपाबाईंनी भोक दाखवलं.

दौलतरावांनी भोक पाहिलं. एक नानकटाई उचलून खाल्ली. मग दुसरी. तिसरी खाताना ते समोरच्या भिंतीकडं बघत होते. वृषालीनं एक मोडून आतून पाहिली आणि विचारलं, "ज्वारीचं पीठ घातलं का काकू?"

"थोडंसं. खुसखुशीत होते."

"आमच्या घरी रवा घालतात."

"रवा बी चालते."

चहा झाला. दौलतराव उठले, "कळवतो," म्हणाले, आणि जीप गेली. अमर तिच्यातच बसून गेला, त्याला खरं तर बेल्यालाच राहायचं होतं.

"आई," हर्षदीप म्हणाला, "पाच मिनिटं थांबली असती तं?"

"कोळसा झाला असता."

"नानकटाईचा ना!"

"मंग कायचा?"

हर्षदीप संध्याकाळच्या बसनं निघून गेला. डब्यात नानकटाई बांधून दिली होती, ती त्यानं नेली नाही. चंपाबाईंनी करपलेल्या ओळीतली एकेक नानकटाई घेऊन सुरीनं तिचा काळा भाग खरवडला आणि उरलेली चहाबरोबर खाल्ली. कडू लागत होती. त्या खात राहिल्या. मारोतराव शेजारी येऊन बसले. त्यांनीही एक घेतली.

"चुकलं का माह्यं?" चंपाबाईंनी विचारलं.

मारोतरावांनी विचार केला. "तूप तर चांगलं होतं," ते म्हणाले.

आठवडा गेला, दुसरा गेला, बोथहून काही निरोप आला नाही. अमर फोन उचलत नव्हता. हर्षदीप फोनवर जेवलो, बरा आहे, एवढंच बोलायचा. बाजारात चंपाबाईंनी एकदा सांगितलेल्या भावात टमाटे घेतले. भाजीवाल्यानं घाबरून विचारलं, तब्येत बरी आहे ना बाई.

तेव्हा चंपाबाईंनी ठरवलं की आपणच जायचं. बायांना सरकारी बस फुकट होती, आधार कार्ड दाखवलं की कंडक्टर शून्याचं तिकीट फाडून देई. मारोतरावांना मात्र पुरं तिकीट पडलं असतं, म्हणून त्यांना घरी ठेवलं. नानकटाईचा डबा पिशवीत घातला, आदिलाबादला गाडी बदलली आणि दुपारच्या आत त्या बोथला दौलतरावांच्या दारात उभ्या होत्या.

मथुराबाईंनी दार उघडलं. त्यांना आनंद झाला की धसका बसला हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. आत घेतलं, पाणी दिलं.

"मी सांगायले आली," चंपाबाई म्हणाल्या. "अमरभाऊनं काय सांगतलं ते मले माईत नाई. गुरुजीची पेन्शन हाय, पोराची नोकरी हाय, घर हाय. तिजोरीत नानकटाई हाय. याच्याउपर आमच्यापाशी काई नाई. हे आइकून नाई म्हनाचं असन तं नाई म्हना. पण राग नोको."

मथुराबाईंनी दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "राग कायचा बाई? ते रागावले नाई. ते लाजले."

"काऊन?"

"कचेरीत सांगून बसले ना. पोरीचं सासर तिजोरीवालं हाय म्हणे. साहेबानं त्याईले स्वतःच्या केबिनमदी बसवून चहा पाजला. आता तेच साहेब रोज विचारतात, दौलतराव, तारीख कवा?"

चंपाबाईंना हे सुचलंच नव्हतं. त्यांनी पेला खाली ठेवला. "मंग सांगा ना, तिजोरी हाय म्हून. खोटं कुठं हाय? तिच्यात काय हाय ते साहेबाले कायले पायजे?"

मथुराबाईंनी हसू दाबत त्यांच्या पिशवीतला नानकटाईचा डबा काढून टेबलावर ठेवला.

जेवायच्या सुट्टीत दौलतराव घरी आले. चंपाबाईंना बघून ते दारातच थबकले, मग जय भीम म्हणून खुर्चीवर बसले आणि घसा साफ केला. वर्तमानपत्र उघडलं, पुन्हा घडी घातली.

"तुमची तफसील आणि अमरची तफसील, दोन्हीत फरक पडला," ते म्हणाले.

चंपाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या त्या तशाच राहिल्या, पिशवी दोन्ही हातांत धरून. दौलतरावांनी एकदा वर पाहिलं. पुन्हा पाहिलं. आतल्या खोलीतून वृषाली बाहेर आली. त्या दिवशी तिची शाळा अर्ध्याच दिवसाची होती.

"बाबा, मी हो म्हनलं तवा तिजोरी कुठं होती?" तिनं विचारलं. "मी तं हर्षदीपले हो म्हनलं."

दौलतरावांनी डब्याचं झाकण उघडून एक नानकटाई घेतली. ती सावकाश खाऊन संपवली.

"बरं," ते शेवटी म्हणाले. "पण माही एक अट हाय. लग्नात माह्या कचेरीतले लोक तुमच्या घरी येतीन. लग्न होऊन जाईपर्यंत त्या तिजोरीत काई भाजायचं नाई."

"जयंती मदातच येते," चंपाबाई म्हणाल्या.

"मंग जयंती सोडून."

"जयंती झाल्यावर पाहुण्यायचं फराळाचं करावं लागन."

"लग्नाआदी आठ दिवस तरी?"

चंपाबाईंनी पिशवी दोन्ही हातांत नीट धरली.

"चार दिवस," दौलतराव म्हणाले.

"लग्नाच्या दिवशी नाई भाजत," चंपाबाई म्हणाल्या. "आदल्या दिवशी बी नाई. वास राह्यते."

"चाललं," दौलतराव म्हणाले. हातातला भुगा झटकताना त्यांच्या लक्षात आलं की आपण काहीच मिळवलं नाही. पण तोवर मथुराबाई चहा ठेवायला आत गेल्या होत्या.

जयंतीला त्या वर्षी नानकटाईचे पाच डबे झाले. बयनाबाई आपला मैदा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, मी तं पहिल्याच दिवशी वळखलं होतं भट्टी हाय म्हून. चंपाबाईंनी त्यांच्याकडून मजुरी घेतली नाही, पऱ्हाट्यांचा एक भारा घेतला.

लग्न मे महिन्यात बोथच्या विहारात झालं, साधंच. दुसऱ्या दिवशी बेल्याला जेवण होतं. कचेरीतली मंडळी आली. साहेबांनी ओसरीत पाऊल ठेवताच तिजोरी पाहिली. चंपाबाईंनी ती ओल्या फडक्यानं पुसून स्वच्छ केली होती, एवढंच. दारावर झाकण म्हणून कुठलंही कापड टाकलं नव्हतं. भोकाच्या बाजूला मात्र दौलतराव स्वतः उभे होते आणि जेवण होईपर्यंत तिथून हलले नाहीत.

"दाखवा तरी एकदा, दौलतराव," साहेब हसत म्हणाले.

"घरच्या बाईमाणसाची चीज आहे साहेब," दौलतराव म्हणाले. "तिथं मी पण हात लावत नाही."

साहेबांनी गंभीरपणे मान हलवली आणि पुन्हा विषय काढला नाही. दौलतरावांचा कचेरीतला मान त्या दिवसापासून आणखी वाढला, असं म्हणतात.

शाळा उघडेपर्यंत वृषाली बेल्यालाच राहिली. तिला केक करायचा होता. फोनवर बघून तिनं अंडी फेसली, सोडा घातला, पीठ डब्यात ओतलं. चंपाबाईंनी भट्टी तापवून दिली आणि बाजूला बसल्या. केक चांगला वर आला. तो किती वर आला हे बघायला वृषालीनं मधेच दार उघडलं, आणि केक तिच्या डोळ्यांदेखत मधोमध खचला. ती तिथंच पायरीवर बसली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिनं ओढणीनं पुसलं.

"मले वाटलं जमन," ती म्हणाली.

चंपाबाईंनी बोट लावून पाहिलं. कडा झाल्या होत्या, मधलं मात्र चिकट होतं. त्यांनी केक थंड होऊ दिला, सुरीनं पातळ काप केले, ताटात पसरले आणि उरलेल्या उबेत पुन्हा ठेवून दार लावलं.

"आता उघडू नोको," त्या म्हणाल्या. "सकाळी पाहू."

सकाळी ताटात टोस्ट होते. तपकिरी, दगडासारखे. वृषालीनं एक कपाटाच्या कडेवर आपटून मोडला आणि अर्धा सासऱ्यांना दिला. मारोतरावांनी तो चहात बुडवला, काढून पाहिला. मऊ झाला नव्हता. त्यांनी पुन्हा बुडवला आणि पेपर वाचायला घेतला.